बुकित बातोकच्या गच्चीवरचा दहीभात

“अंकल! स्टॉप! डोन्ट फीड द बर्ड्स लाह!”

समोरच्या ब्लॉकच्या खिडकीतून एक बाई ओरडत होत्या आणि इकडे माझे दाजी, ताईचे यजमान, कठड्यावर दहीभाताचा दुसरा घास ठेवत होते. दिवे लागायच्या आत जेवायचं आणि आधी कावळ्याला घास काढायचा, हा त्यांचा पुण्यातला नेम. तो परदेशात, बुकित बातोकच्या बहुमजली पार्किंगच्या गच्चीवर तरी कसा मोडेल?

तिथे त्यांना नेलं मीच. गेल्या वर्षी ते टूरबरोबर जपानला गेले होते. समुद्राकाठून लोकल गाड्या जाताना बघायच्या त्या नामांकित जागी बस सात मिनिटं थांबली, आणि ती सातही मिनिटं दाजींनी मुतारीच्या रांगेत काढली. तेव्हापासून घरात जपानचं नाव काढायची सोय नव्हती. मी फोनवर छाती ठोकली, “जपान झक मारतं, दाजी! आमची एमआरटी मेट्रो झाडांच्या शेंड्यांवरून येते, वळणावर दोन गाड्या एकमेकींना ओलांडतात, आणि जागा अशी स्वच्छ की फरशीवर पुरणपोळी लाटा!”

ताईच्या घरी माझ्या शब्दाला थापेचाच भाव. एकदा तरी माझं बोलणं खरं निघावं, एवढीच माझी हाव होती. आणि आता दोघं माझ्याकडे आली होती, त्यांचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी.

आता फरशीचं सांगतो. अख्ख्या आशियातली कबुतरं पोट साफ करायला तिथेच येत असणार. हिरवट-पांढरा थर, ओला होता तिथे चप्पल सोडेना, सुका होता तिथे उडून नाकात जाई. कोपऱ्यात डुरियन फळाची सालं सडत पडलेली. त्या वासाचं वर्णन केलं तर हा कागद पिवळा पडेल.

“लाटायची ना पुरणपोळी?” दाजी म्हणाले.

“आधी तो घास उचला! दंड होतो इथे!”

कावळा आला नाही. आली कबुतरं, मागून साळुंक्यांची पलटण. आभाळ दिसेना. डब्यात पाय, भातात शेपट्या. मी “हाड!” म्हणायला तोंड उघडलं आणि वरून त्यात काहीतरी पडलं. कोमट होतं. दहीभात दिसला की अजून माझी जीभ घशात लपते.

नेमके तेव्हाच रूळ गुणगुणले. वळणावर दोन गाड्या आल्या, काचाकाचांवर मावळतीचं ऊन, अगदी मी सांगितलं होतं तस्सं! “दाजी, बघा! बघा!”

दाजींच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पक्ष्यांनी सारवल्या होत्या. रुमालाने पुसतायत तर थर आणखीच पसरतोय. चष्मा साफ झाला तेव्हा रूळ रिकामे. पुढच्या गाड्यांसाठी थांबलो असतो, पण बाईंनी मोबाईल काढून आमचं शूटिंग सुरू केलं. मी पडलो एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे सरकारने दिलेल्या नोकरीच्या परवान्यावर जगणारा माणूस. दाजींना दंडाला धरलं आणि जिन्याने पळालो.

क्लेमेंटीच्या माझ्या फ्लॅटवर दाजींनी तीनदा अंघोळ केली. ताईने विचारलं, “दिसल्या का हो गाड्या? की याची नेहमीची थाप?”

दाजी टॉवेलने कान पुसत म्हणाले, “आल्या होत्या. ऐकल्या.”