गंजलेला बोल्ट शेवटी

माझी मावशी बाटल्या भरण्याच्या कारखान्यात फिटर आहे. पट्ट्यावरून बाटल्या येतात, भरतात, झाकणं लागतात आणि पुढे जातात. ही रांग मध्येच अडली की मावशीला हाक जाते. कारखान्यात तिला सगळे ‘पाना’ म्हणतात. पान्याशिवाय तिचा हात कुणी पाहिलेला नाही, म्हणून हे नाव. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर आणि मूठ कानाला लावून ती कुठलं बेअरिंग जायला आलंय ते सांगते. आणि हीच बाई घरात दिवा गेला तर काका येईपर्यंत अंधारात बसून राहते.

याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी पट्टा बंद पडला, त्या दिवशी इलेक्ट्रिशियन रजेवर होता. मावशीने मेन स्विच पाडला, पॅनल उघडलं आणि मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हची सैल झालेली वायर आवळायला हात घातला. तिच्या जगात बंद म्हणजे बंद. थांबलेलं चाक बोट कापत नाही. पण ड्राइव्हच्या आत वीज साठवणारे कपॅसिटर असतात आणि वीज तोडल्यावरही ते काही मिनिटं भरलेलेच राहतात. धक्का बसून मावशी मागच्या रिकाम्या क्रेटवर जाऊन आदळली. खांदा बरा झाला. त्यानंतर मात्र तिने पॅनलच्या दाराला हात लावला नाही.

तसं चालूनही गेलं असतं. पण या वर्षी कारखान्याने फिटर आणि इलेक्ट्रिशियन या दोन जागांची एकच जागा केली. ज्यांना तिथे टिकायचं त्यांनी संध्याकाळच्या कॉलेजात इलेक्ट्रो-मेकॅनिकल टेक्नॉलॉजीची पदवी दोन वर्षांत पुरी करायची. बाकीच्यांनी पॅकिंगला जायचं.

“पॅकिंग काही वाईट नाही,” काका म्हणाले. “बसून काम असतं.”

“अहो, मी बसले की मला झोप लागते. आणि झोपेत मी घोरते, ते तुम्हाला माहितीये.”

“मला कशाला, चार घरं पलीकडे माहितीये.”

मावशी हसली, पण हात पदराशी चाळा करत राहिले. पॅकिंगला जाणं म्हणजे ज्या मशीनचा आवाज ती झोपेतही ओळखते, त्याच मशीनसमोर परक्यासारखं खोकी चिकटवत बसणं. तिला ते मरणाहून वाईट वाटत होतं. तसं ती बोलून दाखवत नव्हती इतकंच.

मी तीच पदवी नुकतीच घेतलेली, त्यामुळे विषयांची आखणी करायला तिने मला बोलावलं. जुन्या डिप्लोम्यामुळे तिला सुरुवातीचे विषय माफ होते. चार सत्रं उरली होती. मावशीने कारखान्यातून मूठभर झाकणं आणली आणि जेवणाच्या टेबलावर ओतली. पांढरं झाकण म्हणजे मेकॅनिकल विषय, निळं म्हणजे विजेचा. चार सत्रांच्या चार रांगा.

“हायड्रॉलिक्स पहिल्या सत्रात,” ती भराभर मांडू लागली. “मशीन डिझाइनही पहिल्यात. वेल्डिंग तर मी डोळे झाकून करीन.”

“वेल्डिंग डोळे झाकून करू नकोस, मास्क लाव,” काका म्हणाले.

पांढरी झाकणं संपली तेव्हा पहिल्या दोन रांगा भरल्या होत्या. निळी सगळी टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला गेली होती. त्यातलं एक, ‘मोटर आणि ड्राइव्ह’ नावाचं, इतकं कडेला की माझ्या कोपराचा धक्का लागून खाली पडलं. मी ते उचलून पहिल्या रांगेत ठेवलं. तिने ते पुन्हा शेवटच्या रांगेत नेलं.

“मावशी, असं नाही चालणार.”

“का नाही? मशीन खोलायची रीत अशीच असते. सुटणारे बोल्ट आधी काढायचे. गंजलेल्या बोल्टला तेल सोडून ठेवायचं आणि त्याला शेवटी हात घालायचा. तोवर तो आपोआप सैल होतो.”

हे तिने इतकं मनापासून सांगितलं की क्षणभर मलाही पटलं. मग मी एक एक झाकण हलवून दाखवलं. ड्राइव्ह केल्याशिवाय पीएलसी, म्हणजे मशीनला हुकूम देणाऱ्या कंट्रोलरचा विषय, घेता येत नाही. पीएलसीशिवाय ऑटोमेशन नाही. ऑटोमेशनशिवाय शेवटचा प्रोजेक्ट नाही. चार विषय, चार सत्रं, एकामागून एक. ड्राइव्ह शेवटी ठेवला तर पुढचे तीन विषय दोन वर्षांच्या बाहेर पडतात.

“म्हणजे हा बोल्ट आधी?”

“याच सत्रात.”

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने ते निळं झाकण उचलून उलटंपालटं केलं. मग म्हणाली, “तुमच्या मॅडमना विचारून बघ ना, काही वाट निघते का.”

मॅडम म्हणजे कॉलेजातल्या मार्गदर्शक. ड्राइव्हचा विषयही त्याच शिकवत. आम्ही जाऊन भेटलो, पण वाट निघाली नाही. मावशीची बोल्टची रीत ऐकून मॅडम शांतपणे तिला म्हणाल्या, “तुमची मांडणी मेकॅनिकल माणसाची आहे. हा बोल्ट भिजत ठेवून सैल होत नाही. उलट जितका ठेवाल तितका घट्ट बसतो.” मावशीने नाव नोंदवलं. सही करताना पेन दोनदा घसरलं, असं तिनेच सांगितलं.

पुढचं सगळं मला तिच्याकडूनच कळलं.

प्रयोगशाळेत तिचा जोडीदार होता बस डेपोतला एक मेकॅनिक, पोटाने मोठा आणि तोंडाने त्याहून मोठा. पहिल्या दिवशी मॅडमनी ड्राइव्हचं पॅनल दाखवलं. तसंच राखाडी दार, तसाच आतला पंख्याचा घुंइं आवाज. तिची पाळी आली तेव्हा ती पुढे गेली, दाराच्या मुठीपर्यंत हात नेला आणि हात तिथेच राहिला. पुढे जाईना, मागेही येईना. पाठीत तीच जुनी क्रेटची कड टोचल्यासारखी वाटत होती, आणि इथे मागे तर काहीच नव्हतं.

“ताई, दार आहे ते, वाघ नाही,” डेपोवाला म्हणाला.

“वाघ दिसतो तरी,” मावशी म्हणाली आणि बाजूला झाली.

मॅडम रागावल्या नाहीत, आणि त्याचंच तिला जास्त भय वाटलं. त्या म्हणाल्या, “आज नुसतं बघा. पुढच्या वेळी पॅनल तुम्हीच उघडायचं. जमणार नसेल तर विषय सोडायची मुदत त्याच दिवशी संपते.”

तो आठवडा घरात विचित्र गेला. मावशी जेवताना मध्येच थांबायची. इस्त्रीची पिन काढायलाही काकांना हाक मारायची. एकदा मला फोन करून म्हणाली, “सोडते मी. खोकी चिकटवीन. जिवंत तर राहीन.”

मी म्हटलं, “सोड.” मला खरंच तसं वाटलं. तिचा आवाज ऐकून मलाही धडकी भरली होती.

मग तिने विचारलं, “तो कपॅसिटर वीज धरून बसतो, तर ती जाते कधी? जाताना दिसते का?”

“मीटरवर दिसते.”

“मी कधी पाहिली नाही,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या वेळी तिने रबरी हातमोजे चढवले आणि आधी मीटरच तपासला. चालू असल्याची खात्री असलेल्या एका सॉकेटवर लावून पाहिला, आकडा आला. मग मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मग दार उघडलं. पंखा थांबला होता. सगळं मेल्यासारखं गप्प. तिने मीटरच्या तारांची दोन्ही टोकं ड्राइव्हच्या टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडायच्या जागी, टेकवली.

आकडा मोठा होता. पाचशे व्होल्टच्याही वर.

मेन स्विच पडलेला, किल्ली तिच्या खिशात, आणि तरी समोर तो आकडा. हाच तो. यानेच तिला उचलून फेकलं होतं, आणि आज ती त्याला पहिल्यांदा बघत होती. आकडा उतरू लागला, आधी भरभर, मग रेंगाळत. मावशी पापणी न लववता बघत राहिली. पन्नासच्या आसपास तो जणू थांबलाच. मग पुन्हा उतरला.

शून्य.

तिने मीटरची टोकं काढली, मीटर पुन्हा त्या चालू सॉकेटवर तपासला, परत टर्मिनलवर लावला. शून्य. तरी ती उभीच.

“ताई,” डेपोवाला मागून म्हणाला, “त्याच्यात आता वीज नाही. तुमच्यात जेवढी आहे तेवढी तर नाहीच.”

कुणीतरी हसलं. मावशीला ते नीट ऐकूही आलं नाही. घामाचा थेंब नाकावरून घसरला, तो पुसायचं तिला सुचलं नाही. तिने स्क्रूड्रायव्हर टर्मिनलच्या स्क्रूवर टेकवला आणि सगळं अंग आखडून धक्क्याची वाट पाहिली. धक्का आला नाही. तिने स्क्रू फिरवला. वायर सैल झाली. तिने ती काढली, टोक साफ केलं, पुन्हा बसवलं आणि आवळलं. ते आवळणं मात्र नेहमीच्या हाताचं होतं, नेमकं.

मॅडमनी वाकून पाहिलं. “ठीक. दार लावा, कुलूप काढा. आता वीज चालू कोण करणार?”

डेपोवाला पुढे सरकला. “मी करतो, ताईंना बसू दे जरा.”

मावशीला बसायचं होतं. पण तिने खिशातली किल्ली घट्ट धरली आणि “मीच,” असं म्हणाली, इतक्या हळू की मॅडमना पुन्हा विचारावं लागलं.