अकरा फोडींचा पंचनामा

त्या केसची आठवण आली की माझं डोकं अजूनही तापतं. पस्तीस वर्षं खाकी घातली. खून पाहिले, दरोडे पाहिले, पांढुर्ण्याच्या रेल्वे लाइनवरून प्रेतं उचलली. त्यातलं काही मला छळत नाही. छळतं ते एक संत्रं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शिपाई म्हणून लागलो, हवालदार झालो. माझ्यापेक्षा जास्त शिकलेले कितीतरी जण माझ्याकडून पंचनामा लिहून घ्यायचे, हेही इथं सांगून ठेवतो. नाव कोणाचंच लिहिणार नाही. सौंसरकडचे जुने लोक ओळखतीलच. ओळखलं तर तोंड बंद ठेवावं, त्यांच्यातले अर्धे त्यात होते.

ऐंशी सालानंतर तीन-चार वर्षांतली गोष्ट. आमचा थाना सौंसर भागात, जिल्हा तेव्हा छिंदवाडा. हिवाळा लागला होता, झाडावरची संत्री पिवळी पडून राहिली होती. मंगळवारी सकाळी मी रोजनामचा लिहीत होतो, तेवढ्यात एक बाई आत आली. चाळिशीची, पदर खोचलेला, पायाला बगीच्यातला चिखल.

"हवालदार साहेब, माह्या बगीच्याची फळं सोमवारी तोडून नेऊन राहिले. थांबवा जी."

"कोण? चोर?"

"चोर असता तं मीच पाहून घेतलं असतं. व्यापारी हाये. आमच्या घरच्यानं बहार त्याले लिहून देल्ला. यंदाचा अन् पुढचे दोन. घरात एक पैसा आला नाही."

आमच्याकडे संत्र्याचा बहार, म्हणजे हंगामाचं सगळं फळ, झाडावरच विकतात. व्यापारी आणि बगीचेवाला दोघं दुपट्ट्याखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. बाजूला बसलेल्याला काही कळत नाही. मग चिठ्ठी होते. सौदा झाला म्हणजे झाला.

"बाई, हा दिवाणी मामला," मी म्हणालो. "तहसीलात वकील बसतात."

"वकिलाले काय सांगू? हे जहाजात जाऊन हरले म्हणून?"

मी पेन खाली ठेवला. आमच्या नदीत हिवाळ्यात म्हशीचे गुडघे भिजत नाहीत आणि ही जहाजाची गोष्ट करते!

"दोनशे झाडं हायेत, साहेब. विहीर नव्हती तवा दोन उन्हाळे मी डोक्यावर घागरी वाहिल्या. यायनं एक घागर नाही आणली. अन् आता लिहून देऊन राहिले."

मग लक्षात आलं. ते जहाज मला ऐकून माहीत होतं. लोधीखेड्याकडचा एक माणूस विलायती प्रवासी जहाजावर सहा-सात वर्षं नोकरी करून परत आला होता. पांढरा कोट घालून फिरायचा, खिशात फोटो. फोटोत हिरव्या कापडाची टेबलं, आकड्यांचं मोठं चाक आणि दात काढणारी गोरी माणसं. जहाजावर कॅसिनो असतो, तिथं जो मोठा खेळतो त्याला वाफेची खोली आणि मालिश फुकट, तिकडे त्याला स्पा म्हणतात, असं तो चौकात बसून सांगायचा. लोक त्याला कप्तान म्हणत. कप्तान कसला! पुढे बयानात निघालं की तो त्या वाफेच्या खोलीत टॉवेल वाळवायच्या कामावर होता.

बोरगावच्या रस्त्याला संत्रे भरायचं एक बंद पडलेलं शेड होतं. ते त्यानं भाड्यानं घेतलं, निळा रंग मारला, भिंतीला गोल खिडक्या पाडल्या आणि नाव ठेवलं जहाज. आत टिनाची खोली, बाहेर मोठा बंब, बंबातून नळी आत. वाफेत निलगिरीचा पाला. वर पास ठेवले. पांढऱ्या पासावर नुसती गरम पाण्याची आंघोळ, लाल पासावर वाफ, सोनेरी पासावर वाफ, मालिश आणि डोळ्यावर ओला टॉवेल ठेवून खाटेवर पडणं. घरच्या मोरीत दोन तांबे घेऊन बाहेर येणारी माणसं तिथं दोन-दोन तास शिजत बसायची.

बुधवारी दुपारी पहिला छापा टाकला. चार शिपाई घेतले, रस्त्यावरून दोन पंच धरले. आत सात जण कमरेला टॉवेल गुंडाळून बाकावर बसलेले, वाफेत संत्री खाऊन राहिलेले. पत्ते नाहीत, फासे नाहीत, पैसा नाही. टॉवेलातला माणूस पैसा ठेवणार कुठे?

कप्तान हात जोडून पुढे आला. "या हवालदार साहेब, जहाजावर स्वागत हाये. बूट काढा, वाफेनं खराब होतील. संत्रं घ्या."

मग माझ्या पंचाकडे वळून म्हणतो, "भाऊ, तुमचा सोनेरी पास उद्या संपते बरं!"

पंच खाली पाहायला लागला. आणि मी, घसा सुकला होता म्हणून, समोरच्या टॉवेलवर मांडलेलं सोललेलं संत्रं उचलून खाल्लं. ही गोष्ट मी रोजनामच्यात लिहिली नाही. आज लिहितो.

थानेदार साहेब सागरकडचे, हिंदी बोलणारे, हवालदाराला दीवानजी म्हणणारे. त्यांनी विचारलं, "क्या जब्त किया, दीवानजी?"

"काही नाही सर. वाफ होती."

"तो वही पकड़ लाते."

सगळा थाना हसला. मुन्शी तर टेबलावर डोकं ठेवून हसला. मला राग आला की मी जास्तच हट्टाला पेटतो. शुक्रवारी पुन्हा गेलो. फरशी ठोकून पाहिली, खाटा उलट्या केल्या, बंबाचं झाकण उघडायला लावलं, त्यात एका शिपायाचा हात भाजला. निघालं काय? संत्र्याच्या साली. कप्तानानं संध्याकाळच्या आत वर तक्रार केली की पोलीस आरोग्याच्या धंद्याला त्रास देतात. साहेबांनी मला उभं करून सांगितलं, "अब बिना सबूत उधर पैर रखा तो लाइन हाजिर कर दूँगा." म्हणजे थान्यातून उचलून पोलीस लाइनीत बसवणार.

शनिवार उजाडला. सोमवारी तोडणी. बाईच्या नवऱ्याला थान्यात बोलावलं. तीही आली, थैली घेऊन कोपऱ्यात बसली.

सभ्य, दुबळा माणूस. पण तीन तास एकच वाक्य.

"मी विकला जी बहार."

"कितीला?"

"ते बोटाचा सौदा होता. सांगायचा नसते."

"पैसे कुठं आहेत?"

"येतील."

"जहाजात काय खेळता?"

"वाफ घेतो. गुडघे दुखतात."

मी दरडावलं, समजावलं, टेबलावर हात आपटला, माझाच हात दुखला. खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. हा कमी बोलत होता, म्हणजे याला लाज वाटत होती. लाजेपुढे दरडावणं चालत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी दरडावत राहिलो, कारण दुसरं सुचत नव्हतं.

शेवटी बाई उठली. थैलीतून संत्रं काढून नवऱ्याच्या हातात दिलं. "खा. सकाळपासून पोटात काही नाही. मंग बोला खोटं."

त्यानं संत्रं सोललं. आणि माझ्या रोजनामच्यावर एक-एक फोड गोल मांडायला लागला. ओठ हलत होते. शेवटची फोड ठेवली आणि त्याचा चेहरा पडला.

मी पाहत राहिलो. आमच्याकडे संत्रं कसं खातात? दोन भाग करायचे, तीन-तीन फोडी तोंडात कोंबायच्या, बिया थुंकायच्या. मांडून खातं कोण? मग मला ते सात टॉवेल आठवले. प्रत्येक टॉवेलवर फोडी अशाच गोल मांडलेल्या. त्यातलाच एक गोल मी उचलून खाल्ला होता. पुरावा माझ्या पोटात गेला होता.

"किती?" मी हळूच विचारलं.

"दहा," तो म्हणाला. "बेकी." आणि म्हणाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते.

"महिना झाला, घरीही असंच करून राहिले," बाई म्हणाली. "मले वाटलं, पोट दुखते म्हणून जपून खाते."

मग तो रडला आणि सगळं सांगितलं. कप्तानाला आकड्यांचं चाक काही मिळालं नाही, म्हणून त्यानं संत्रं धरलं. टोपलीतून तो एक संत्रं काढणार. फोडी एकी की बेकी, नाहीतर नेमका आकडा. समोर तो व्यापारी. दोघांचे हात टॉवेलाखाली, बोटं दाबून डाव लागणार, तोंडातून शब्द नाही. मग संत्रं सोलायचं, फोडी मोजायच्या आणि सगळ्यांनी मिळून खाऊन टाकायचं. हरलेल्यानं बाहेर येऊन बहाराची चिठ्ठी लिहायची. कोणाला संशय येणार? बोटं दाबून सौदा करणं हा आमचा रोजचा व्यवहार.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "दीवानजी, कुछ दिन छुट्टी ले लो."

मी कमरेचा पट्टा काढला, त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हणालो, "खोटं निघालं तर परत मागणार नाही." एवढं ऐकल्यावर ते स्वतः जीपमध्ये बसले. माझ्याबद्दल काळजी म्हणून की तमाशा पाहायला, ते त्यांनाच माहीत.

पंच यावेळी पांढुर्ण्याहून आणले, कापसाच्या काट्यावर काम करणारे दोघं. त्यांनी जहाजाचं नावही ऐकलं नव्हतं. रविवारी दुपारी बाईचा नवरा सोनेरी पास घेऊन नेहमीसारखा आत गेला. ठरलं असं की डाव लागला, हात टॉवेलाखाली गेले, की त्यानं खोकायचं. आम्ही बंबामागे लपलो. आणि आतून खोकला आला. मग दुसरा. मग चार जण एकदम. वाफेत सगळेच खोकत होते! साहेब माझ्याकडे पाहायला लागले. मी मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या दिल्या आणि दार ढकललं.

नशीब म्हणा. एका टॉवेलाखाली दोन हात होते. मी टॉवेलासकट दोन्ही मनगटं धरली आणि ओरडलो, "हलायचं नाही! बोटं आहेत तशीच ठेवा! आणि ते संत्रं कोणी खायचं नाही!"

व्यापाऱ्यानं दुसऱ्या एका बगीचेवाल्याची बोटं धरलेली, पंचांनी डोळ्यांनी पाहिली. समोर आधीच्या डावाच्या फोडी मांडलेल्या. एक जण शेवटची फोड हळूच तोंडाकडे नेत होता, त्याच्या हातावर मी फटका दिला. पंचनाम्यात लिहिलं: संत्रे एक, सोललेले, फोडी अकरा, जप्त.

"ग्यारह," साहेब म्हणाले. "बस इतना ही?"

तेच तर दुखणं होतं. थान्यात आणून बसवल्यावर सगळे मुके. बगीचेवाला म्हणे सौदा करत होतो, व्यापारी म्हणे भाव सांगत होतो, बाकीचे म्हणत संत्रं खात होतो. बाईच्या नवऱ्याचं एकट्याचं बयान. कप्तान पाय हलवत बसला. "हवालदार साहेब, तुमच्या अकरा फोडींले मुंग्या लागतील ना."

बाई दारात उभी राहून ऐकत होती. तिला खेळ काय होता ते कालच कळलं होतं. ती आत आली, जप्त केलेली टोपली ओढली आणि एक फळ घेतलं.

"टोपलीतून कोण काढत होतं?"

"कप्तान," एक जण म्हणाला.

तिनं नखानं देठाची टोपी उडवली आणि फळ उजेडाला धरलं. "दहा." सोलून मांडलं. दहा. दुसरं घेतलं. "अकरा." अकरा. तिसरं. "नऊ." नऊ.

साहेबांनी खुर्ची जवळ ओढली.

"देठाखाली ठिपके असतात. जितके ठिपके तितक्या फोडी," ती म्हणाली. "ज्यानं झाडं वाढवली त्याले ठाऊक असते. तुमी नुसती खाल्ली. त्याच्या टोपलीतल्या फळांचे देठ पाहा, आधीच उचकटून परत बसवलेले हायेत. कोणत्या फळात किती, ते याले आधीच ठाऊक होतं."

पाहिलं तर खरंच. त्यानंतर मला काही विचारावं लागलं नाही. जे इतका वेळ मुके होते ते एकदम बोलायला लागले, एकमेकांच्या तोंडातलं ओढून.

"माहे दोन बहार गेले बे तुझ्या ठिपक्यात!"

"माही बैलजोडी!"

एक जण तर कप्तानाच्या अंगावर गेला, टॉवेल सुटला, शिपायानं त्याला घोंगडी दिली. मुन्शीचा हात दुखला लिहून लिहून. माणूस हरल्याचं सांगत नाही, फसवला गेल्याचं मात्र ओरडून सांगतो, हे तेव्हा पाहिलं. व्यापारी कप्तानाचा भागीदार निघाला. त्याच्याकडच्या चिठ्ठ्या मालखान्यात जमा झाल्या, आणि जुगाराचा सौदा कोर्टात टिकत नाही हे साहेबांनी त्याला त्यांच्या भाषेत समजावलं. सोमवारी त्या बगीच्यात तोडणीला कोणी आलं नाही.

कोर्टात कप्तानाला दंड झाला, थोडासाच. तो भाग सोडून गेला. साहेबांनी पट्टा परत दिला, हसत हसत. मी तो तिथंच कमरेला बांधला.

त्या केसनं काय शिकवलं, असं लोक विचारतात. मी पत्ते आणि फासे शोधत होतो, कारण जुगार म्हणजे तेच, असं मला शिकवलेलं. बोटाचा सौदा मी लहानपणापासून पाहिलेला, संत्र्याच्या भागात जन्म गेला, तरी दिसलं नाही. आणि जिला सगळं माहीत होतं तिला मी पहिल्याच दिवशी वकिलाकडे पाठवत होतो. तिला पाच मिनिटं बसवून नवरा घरी काय काय करतो एवढं विचारलं असतं, तर दोन छापे वाचले असते, शिपायाचा हात वाचला असता. स्वतःवर याचा राग अजून आहे. तो जायचा नाही.

काही वर्षांनी पांढुर्ण्याला बदली झाल्यावर एकदा त्या बाजूनं जात होतो. बाईनं ओळखलं, बगीच्यात खाटेवर बसवलं. नवराही होता. तिनं एक संत्रं माझ्या हातात दिलं. मी सवयीनं देठाकडे पाहिलं आणि ती हसली. मग दुसरं घेतलं, स्वतः सोललं, आणि नवऱ्याला एक-एक फोड तोंडाजवळ नेऊन द्यायला लागली.

"हातात काहून देत नाही?" मी विचारलं.

"नाही देत," ती म्हणाली. "तवापासून आख्खं संत्रं यायच्या हातात देल्लंच नाही."

तो मान खाली घालून खात होता. मोजत नव्हता.