टाकीवरची चमक

समोरचे सुधीरराव आज सकाळी वडिलांच्या जुन्या मोटरसायकलचा सायलेन्सर काढायला बसले होते. सायलेन्सर इंजिनला धरून ठेवणारे नट इतके गंजले होते की नट कुठला आणि गंज कुठला, ते कळत नव्हतं.

"बाबांची आठवण आहे, जिवापाड जपलीय," हे मी त्यांच्याकडून दर दसऱ्याला ऐकतो. त्या दिवशी गाडीला नळीने आंघोळ, टाकीला पॉलिश, हँडलला झेंडूचा हार. आणि संध्याकाळी ती तशीच ओली कव्हरखाली. खाली वाकून बघायची तसदी कोण घेतो? जिथे हार घालता येत नाही, तिथवर यांची माया पोचतच नाही. घरातल्या म्हाताऱ्यांचंही असंच करतात ही माणसं. पंचाहत्तरीला शाल पांघरवतात, पण गुडघा दुखतो का, हे वर्षभर विचारत नाहीत.

"तेल सोडून रात्रभर मुरू द्या. उद्या इंजिन जरा तापवा आणि नट हळूहळू पुढेमागे हलवा," मी फाटकातून म्हणालो.

"अहो, जोर लावला की सगळं निघतं!" असं म्हणत त्यांनी पान्ह्याला लांब पाइप जोडला आणि त्यावर चक्क उभे राहिले.

कट्टकन आवाज झाला. नट निघाला, पण अर्धा बोल्ट सोबत घेऊन. उरलेला अर्धा इंजिनातच रुतून बसला.

 सुधीररावांनी खिशातून रुमाल काढला आणि टाकीवर उमटलेले स्वतःच्या बोटांचे ठसे पुसायला घेतले.