उपाशी नाक

इंदूमावशी गेली त्याला आता दीड महिना होईल. अमरावतीहून तिच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी जठारपेठेतल्या आमच्या कॉम्प्लेक्सच्या जिन्यावर फडकं पिळत होते. आई सकाळी झोपेतच गेली, असं ती म्हणाली. मी हो म्हटलं. फोन बंद झाल्यावरही कानालाच धरून ठेवला... आतून अजून काही ऐकू येईल असं वाटत होतं. मग उरलेला जिना पुसून काढला.

मी चौथी शिकलेली, लिहायची सवय नाही. पण तिला एक गोष्ट सांगायची राहिली, म्हणून ही वही.

या कॉम्प्लेक्सला खाली तळघर आहे. रस्त्यावरची गटार तुंबली की वरच्या सगळ्या मजल्यांची घाण तळघरातल्या जाळीतून वर येते. मग दुकानदार नाकाला रुमाल लावून बाहेर उभे राहतात आणि साफसफाईच्या बायांना हाक मारली जाते. मी नवीन होते तेव्हा शेवटच्या पायरीवरच थांबले होते, खाली पाय टाकवेना. इंदूमावशी आम्हा बायांमधली सगळ्यात जुनी, तिने स्वतःचे गमबूट काढून मला दिले. ते मोठे होते, म्हणून पुढे चिंध्या कोंबल्या. स्वतः पायाला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून उतरली. वर एक दुकानदार तोंड फिरवून उभा होता, त्याला म्हणाली, "काहून तोंड लपवता भाऊ? तुमच्याच वरचे पाव्हने हायेत, खाली उतरले." तो हसला. मग मलाही हसू आलं आणि मी उतरले.

तिची पद्धत ठरलेली होती. आधी लाईट बंद करायला लावायची. गाळ उपसायचा, भिजलेले पुठ्ठे आणि पोती बाहेर टाकायची, त्यात जीव गुंतवायचा नाही. भिंतीवर पाणी चढल्याची खूण दिसते, तिच्याही वर वीतभर घासायचं, कारण भिंत पाणी पिते. मग साबण, मग ब्लिचिंगचं पाणी, मग पंखे लावून सुकवायचं आणि शेवटी, कुठे वास राहिला असेल तर तो कोंडावा म्हणून, दार लावून एक रात्र तसंच ठेवायचं. फिनाईलच्या बाटलीला तोवर हात लावू द्यायची नाही. म्हणायची, तोंड धुतल्याशिवाय पावडर लावत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काही न खाता-पिता यायची. चहा नाही, तंबाखूची चिमूटही नाही. उपाशी नाक खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. कुलूप काढून एकटीच आत जायची आणि डोळे मिटून भिंतीच्या कडेकडेने हळूहळू चालायची. वरच्या झरोक्यातून उन्हाची पट्टी यायची, त्यात धूळ तरंगत असायची, त्या पट्टीतून जाताना मावशी सोनेरी व्हायची आणि पुन्हा अंधारात मिसळायची. एखादं लेकरू झोपलंय की नाही ते बघायला आई जाते, तशी. मी दारात उभी राहून बघायचे. मला तेव्हा असं वाटायचं, की भिंती तिच्या कानात काही सांगताहेत... बाहेर आली की एकच शब्द बोलायची. "झालं" किंवा "अजून नाही." त्यावर कॉम्प्लेक्सचा मालकही वाद घालत नसे. मग ती टपरीवरून चहा मागवायची.

एकदा तिला सर्दी झाली. तळघरात बचतगटाच्या बाया पापड करायच्या, पाणी चढून त्यांचं काम बंद पडलं होतं. आम्ही सगळं साफ केलं आणि सकाळी मावशी म्हणाली, मायं नाक बंद हाय, आज तू जाय. मी गेले. डोळे मिटले. मागच्या भिंतीला प्लायवूडची फळी ठोकलेली होती, तिच्यामागून वास येत होता. अगदी थोडा, पण येत होता. फळी काढायला लागली असती. दारात मालक उभा होता, मागे बाया पिठाचे डबे घेऊन ताटकळल्या होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते. चार माणसांत मला बोलता येत नाही, लहानपणापासूनच. मी कोपऱ्यातली बाटली घेतली, फळीच्या कडेने फिनाईल ओतलं आणि म्हटलं, झालं.

तीन दिवसांनी फिनाईल उडून गेलं आणि फळीमागची घाण आणि तिचा वास सगळा बाहेर आला. भिजवलेलं उडदाचं पीठ, वाळत घातलेले पापड, सगळं फेकावं लागलं. गटाची मुख्य बाई रडतच मावशीला नाही नाही ते बोलली. मावशी म्हणाली, "मायी चूक हाय. मी पाह्यलं नाही." मी तिच्या शेजारीच उभी होते. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले, तोंड उघडलं नाही.

नंतर ती थकली आणि मुलीकडे अमरावतीला गेली. ती वारण्याच्या महिनाभर आधी मी बस धरून भेटायला गेले. खिडकीपाशी पडून होती, हात अगदी हलका झालेला. आता वासच येत नाही म्हणाली, पोरगी फोडनी दिली म्हनते तर मी हो म्हनतो. वर पंखा फिरत होता. मग मी धीर करून म्हटलं, "मावशी, त्या वेळी पापडवाल्या बायांचं..."

"फिनाईल ना?" ती म्हणाली. "मले सर्दी होती, डोये नव्हते गेले. बाटली रिकामी होती."

"मग तवाच काहून बोलली नाही तू?"

"तू बोलशीन म्हून वाट पाह्यली."

मी चुकले, एवढंच म्हणायचं होतं. जुळवाजुळव करेपर्यंत तिचा डोळा लागला. तिच्या उशीशी बसून राहिले, मग बसची वेळ झाली.

मागच्या आठवड्यात पुन्हा तळघरात पाणी चढलं. एका नव्या बाईला घेऊन मी सगळं साफ केलं, तिच्या पायाला मावशीचे गमबूट बसले. सकाळी चहा न घेता आले. कुलूप काढलं, डोळे मिटले आणि भिंतीच्या कडेने चालू लागले. झरोक्याची उन्हाची पट्टी चेहऱ्यावर आली, कोमट... ती गेली, पुन्हा आली. क्षणभर वाटलं, माझ्यापुढे कोणी तरी चालतंय. पुन्हा ठोकलेल्या त्याच फळीपाशी वास आला आणि थांबले.

दारात मालक होता, पापडवाल्या बाया होत्या. तीच मुख्य बाई पुढे होती, तिच्या हातात माझ्यासाठी आणलेला चहा. झालं ना बाई, तिने विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं. "फळी काढा लागते. मांगच्या वेळी बी काढा लागत होती. तवा वास मले आला होता, मावशीले नाही. मी बोलली नाही."

मालक हातोडी आणायला वर गेला. त्या बाईने चहाचा कप माझ्याजवळ पायरीवर ठेवला आणि तिथेच बसली. फळी निघेपर्यंत मी कपाला हात लावला नाही.