बंडप्पा टेलरचं मँडोलिन

महालिंगप्पांच्या नव्या सदऱ्याला बंडप्पानं खिसा उजव्या अंगाला लावला, त्या दिवशी सगळ्या बाजाराला कळलं की या माणसाच्या डोक्यात काहीतरी शिरलंय.

"बंडप्पा, अरं खिशातलं काढायला मला आता डावा हात लागतुय," महालिंगप्पा दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले. "डाव्या हातानं लक्ष्मीला शिवू व्हय मी?"

"चुकलं मालक. उसवून देतो."

"चुकलं ते दिसतंयच. कसं चुकलं ते सांग."

बंडप्पानं मशिनीच्या पट्टीवरचा पाय काढला. "तुमच्या रेडिओत कायतरी वाजत हुतं बगा. तारेचं. चिमण्या अंगणात दाणं टिपत्यात का न्हाय, तसं. त्येच ऐकत बसलो."

महालिंगप्पांची धान्याची अडत बंडप्पाच्या दुकानासमोरच होती, आणि मुरूम गावच्या पेठेत बॅटरीचा रेडिओ आणणारे ते पहिले. निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं झाली होती, जिल्हा मुंबई राज्यात येऊन दोन. लोक अडतीवर बातम्या ऐकायला यायचे. बंडप्पा मात्र बातम्या लागल्या की मशीन जोरात हाणायचा आणि गाणं लागलं की थांबवायचा. वय चाळिशीला टेकलेलं. बापानं दहाव्या वर्षी हातात सुई दिली, तेव्हापासून त्यानं या गावाच्या तीन पिढ्या अंगानं मोजल्या होत्या. कुणाचं पोट किती सुटलं, कुणाचा खांदा कुठं झुकला, सगळं त्याच्या वहीत. स्वतःसाठी म्हणून त्यानं काही मागितलेलं कुणाला आठवत नव्हतं.

त्या दाणे टिपणाऱ्या वाद्याला मँडोलिन म्हणतात हे त्याला वसंतराव मास्तरांनी सांगितलं. मास्तर मूळचे तुळजापूरचे, इथल्या शाळेत शिकवायला आले आणि इथलेच झाले. पेटी वाजवायचे, बसवजयंतीला गावातल्या हौशी लोकांचं संगीत नाटक बसवायचे. त्यांच्या घरी एक मानेत वाकलेलं जुनं मँडोलिन पडून होतं. ते वरच्या पडद्यांवर कधी सुरात बोलायचं, खालच्या पडद्यांवर आलं की बेसूर. त्याच्यावर बंडप्पा दोन वर्षं दर रविवारी शिकला. उरलेले सहा दिवस कापड मोजायच्या गजावर खडूनं पडदे, म्हणजे बोटं ठेवायच्या आडव्या रेघा, आखायचे, वर चार दोरे ताणायचे आणि गिऱ्हाईक नसताना बोटं फिरवायची. गजातनं आवाज काय येणार? पण बंडप्पाला यायचा.

"ह्यो गज वाजीवतुय का गजकर्ण खाजीवतुय?" महालिंगप्पा समोरून ओरडायचे. अख्खी अडत हसायची. बंडप्पाही हसायचा आणि बोटं फिरवतच राहायचा.

आणि मग त्या चैत्रात जुन्या मँडोलिनची मान पुरतीच तुटली. मास्तरांनी तुकडे कपाटावर ठेवले आणि म्हणाले, "बंडप्पा, यंदाच्या नाटकात मला तुम्हाला साथीला बसवायचं होतं. आता कसं करायचं?"

बंडप्पा त्याच आठवड्यात सोलापूरला गेला. दोन दिवाळ्यांची शिलाई साठवलेली होती, ती बरोबर घेतली. दुकानदारानं गादीवर नवं कोरं मँडोलिन ठेवलं, तर या गृहस्थानं गळ्यातली टेप काढली आणि वाद्याची लांबी, छाती, जाडी घ्यायला सुरुवात केली.

"सदरा शिवताय का काय त्याला?" दुकानदार म्हणाला.

"गवसणी. आत अस्तर, मदी कापूस," बंडप्पा गंभीरपणे म्हणाला. "मापाबिगर न्यायचं कसं?"

दुकानदारानं सूर लावून दिला. येताना एस.टी.त त्यानं ते वाद्य पोटाशी धरलं. नळदुर्गाच्या पुढं रस्ता दणके देऊ लागला तसा तो सीटवरनं उठूनच उभा राहिला, की दणका आपल्या गुडघ्यात जिरावा. कंडक्टर म्हणाला, "बसा की वो, जागा हाय." बंडप्पा म्हणाला, "असू द्या. बरं वाटतंय." आणि खरंच इतकं बरं त्याला लग्नाच्या वरातीतही वाटलं नव्हतं.

सोमवारी घरात पूजा झाली. त्याच्या आईनं, शांताक्कानं, मँडोलिनला विभूतीची तीन बोटं ओढली, बायकोनं, उमाबाईनं, फूल वाहिलं. बंडप्पानं गजावर घोटलेली नांदी पहिल्यांदा खऱ्या तारांवर वाजवली. बोटं अडखळत होती, पण प्रत्येक सूर जिथं शोधावा तिथं सापडत होता. शांताक्का पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. मग म्हणाली, "बंडू, तुजा आप्पा असता तर मशीन सोडून हितं यिऊन बसला असता रं."

मास्तरांनी निरोप धाडलाच होता: मंगळवारी सहाला शाळेत तालीम. नांदी वाजवून दाखवा. जमली तर बसा, नाही जमली तर मनात धरू नका, मला उमरग्याच्या क्लॅरिनेटवाल्याला बुधवारच्या गाडीनं चिठ्ठी पाठवावी लागेल, दिवस थोडे राहिलेत.

मंगळवारी दुपारी बंडप्पा जेवायला घरी आला. ओसरीत उन्हाच्या तिरिपेला, धुतलेल्या पोत्यावर मँडोलिन ठेवलेलं. लखलखत होतं. शेजारी शांताक्का बोटं पुशीत बसलेली, तिच्यापुढं करडीच्या तेलाची वाटी.

"अव्वा... हे काय केलंस?"

"तेल पाजलं बाबा," म्हातारी खुशीत म्हणाली. "नवी काठवट आणली की आपुन काय करतो? नव्या लाकडाला तेल पाजून ऊन दावलं न्हाय तर तडकतं. चैताचं ऊन बाहीर कसं पेटलंय! तुला कपड्यातलं कळतं, लाकडातलं काय कळतंय? वाटीभर प्यालं बग. लई तान्हेलं हुतं."

बंडप्पानं ते उचललं. हातातनं मासोळीसारखं निसटू लागलं. नखीनं तार छेडली. काल जी तार घरभर खळखळली होती ती आज 'बद्द' म्हणाली, जणू कुणी तिच्या तोंडावर हात ठेवला होता. दुसरी छेडली. तीही तशीच.

त्यानं राहिलेल्याही छेडून पाहिल्या.

शांताक्काच्या तोंडावरची खुशी हळूहळू उतरली. "वाजंना व्हय?" तिनं विचारलं. "मी... काठवटीला करतात तसंच केलं रं."

बंडप्पाला आईवर ओरडावंसं वाटलं नाही असं नाही. ओरडणं गळ्यापर्यंत आलं होतं. पण तिचे तेलानं माखलेले हात मांडीवर उताणे पडले होते, ते बघून त्यानं ते गिळलं आणि म्हणाला, "तेलाचा डाग टेलरच्या घरात काय नवा हाय व्हय? मशीन रोज ओकती. पांढऱ्या धोतरावरचा काढतो, ह्यो न्हाय निगणार?"

मशिनीचं तेल कापडावर सांडलं की शिंप्याचा एक उपाय असतो. खडूची पूड दाबायची, तिला तेल पिऊ द्यायचं, मग झटकायचं. बंडप्पा दुकानात पळत जाऊन खडूंचं अख्खं खोकं घेऊन आला. उमाबाई वरवंट्यानं खडू कुटू लागली.

आणि इथं बंडप्पानं शिंप्याचीच चूक केली. कपड्याचं काम हाती घेतलं की आधी शिवण सगळी उसवायची, मोकळं करायचं, हा त्याच्या हाताचा तीस वर्षांचा स्वभाव. त्यानं खुंट्या फिरवून आठच्या आठ तारा एका दमात ढिल्या केल्या आणि उतरवल्या. शेवटची तार सुटली तशी तारांखालची लाकडी घोडी टपकन आडवी झाली आणि पोत्यावर पडली.

बंडप्पानं ती उचलून पाहिली. खाली ना खिळा, ना सरस. ती फक्त तारांच्या दाबाखाली उभी होती, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आता त्याला मास्तरांचं एक वाक्य आठवलं: घोडी केसभर सरकली की सगळे पडदे खोटे बोलतात.

"उमे, ही कुटं हुती?"

"मला काय ठावं? मदीच असंल."

"मदी म्हंजे कुटं मदी? म्या लांबी घेतली, छाती घेतली, जाडी घेतली. घोडीचं माप कोण घेतंय गं?"

सोलापूरची गाडी सकाळीच गेलेली. मास्तर शाळेत, आणि शाळेत जाऊन सांगायचं काय? की दोन दिवस झाले नाहीत तोवर आईनं तेल पाजलं आणि लेकानं हाडं मोकळी केली? मास्तर काही बोलणार नाहीत, गुमान क्लॅरिनेटवाल्याला चिठ्ठी लिहितील. बंडप्पानं चिमूटभर पूड घेतली. आता निदान तेल तरी निघू दे, म्हणून तो ती टाकणार, तोच उमाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"थांबा! पूड टाकू नका. उजेडाकडं तिरकं धरा बरं ते."

"काय झालं?"

"भाकरी थापताना परातीत पीठ पसरलं अन् मदी तांब्या ठिवला, तर उचलल्यावर खाली तेवडी जागा कोरी ऱ्हाती का न्हाय? आत्तींनी तेल लावलं तवा घोडी उबीच हुती. तिच्या पायाखाली तेल कसं जाईल?"

बंडप्पानं मँडोलिन तिरपं केलं. तेलानं सगळं लाकूड काळपट, ओलं चकाकत होतं, आणि त्या चकाकीत गव्हाच्या दाण्याएवढ्या लांबट अशा दोन जागा कोरड्या, फिकट, कालच्या रंगाच्या राहिल्या होत्या. घोडीचे दोन पाय. जराही पुसट नाहीत.

"अव्वा," बंडप्पा ओरडला, "अव्वा, हिकडं ये! तू वाटीभर कमी पाजलं असतंस तर आज दिसलं नसतं बग!"

शांताक्काला काही कळलं नाही, पण लेक हसतोय एवढं कळलं. तिनं डोळे पुसले, त्यामुळं डोळ्यांतही तेल गेलं आणि ती आणखी रडू लागली.

बंडप्पानं टेप घेतली. मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या हाडाच्या पट्टीपासून त्या कोरड्या ठशापर्यंत माप धरलं, दोनदा, तीनदा. मग मापाच्या वहीत, महालिंगप्पांच्या कंबरेखाली, लिहिलं: मँडोलिन, पावणेचौदा इंच वर एक सूत. एवढं झाल्यावर मगच पूड टाकली. वाद्य भस्म फासलेल्या जंगमासारखं पांढरं झालं. पूड झटकली, पुन्हा टाकली, चौथ्या वेळी खडू कोरडा निघू लागला. तारा चिंधीनं एकेक पुसल्या. घोडी मापावर उभी करून उमाबाईनं ती दोन बोटांनी धरून ठेवली आणि बंडप्पानं तारा चढवल्या. सगळ्यात बारीक जोडीतली एक तार खुंटीपाशी पीळ बसून तटकन तुटली. उरल्या सात.

सहाला दहा मिनिटं कमी असताना तो शाळेत पोचला. नाटकातले लोक जमले होते, तबलेवाला शिवशरण हातोडीनं तबला ठोकत होता. महालिंगप्पाही आले होते, नाटकात राजाचं काम त्यांच्याकडं.

"काय बंडप्पा, आज गज घरी ऱ्हायला व्हय?"

बंडप्पा मास्तरांच्या पेटीशेजारी बसला. मास्तरांनी सूर दिला. त्यानं खुंट्या पिळल्या, कान लावला आणि नांदी सुरू केली.

पहिल्या ओळीत तुटलेल्या तारेची जागा आली तिथं आवाज बारीक झाला. तो घाबरला, थोडा घसरला, पुन्हा उभा राहिला. तेल प्यालेल्या लाकडाचा आवाज कालच्यासारखा खणखणीत नव्हता. थोडा दबका, गोड, घशातल्या घशात बोलणाऱ्या माणसासारखा. दुसऱ्या ओळीला शिवशरणनं आपण होऊन ठेका धरला. मग बंडप्पाला भीती वाटायची थांबली. दोन वर्षं मुक्या लाकडावर घोटलेलं सगळं बोटांतून बाहेर येऊ लागलं.

संपलं तेव्हा मास्तरांनी हात पुढं करून मँडोलिन घेतलं. मधला पडदा दाबून तार छेडली, मोकळी छेडली, पुन्हा दाबून छेडली. मग अंगठ्यानं घोडी किंचित, दोऱ्याच्या जाडीइतकी, मागं ढकलली.

"घोडी कुणी बसवली?"

"म्याच, सर. काडावी लागली हुती. मापानं बसवली."

"मापानं?" मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. नाकाजवळ नेऊन वाद्याचा वास घेतला. "करडीचं तेल?"

"व्हय. ते... लांबडी गोष्ट हाय."

मास्तरांनी गोष्ट विचारली नाही. वाद्य त्याच्या मांडीवर ठेवलं, वही उघडली आणि शिवशरणकडं वळून म्हणाले, "चला, पुढचं. राजाच्या प्रवेशाचं पद. सूर काळी एक."

महालिंगप्पा छाती काढून उभे राहिले. पेटी सुरू झाली. बंडप्पाची नखी तारांवर तशीच थांबलेली.

"सर," तो हळूच म्हणाला, "नांदीच येती मला. हे येत न्हाय."

"ठाऊक आहे," मास्तर पेटी न थांबवता म्हणाले. "अकरा पदं आहेत. रोज सहाला यायचं. आता नुसतं ऐका, अन् महालिंगप्पा जिथं बेसूर होतील तिथं मला खूण करा."

"म्हंजे सगळ्या पदात खूण करू?" बंडप्पा म्हणाला.

शाळा हसली. सगळ्यात मोठ्यानं महालिंगप्पा हसले, आणि त्यांचं पद पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं.