तिरोडकरांनी काढलेलं तळं

आत्माराम तिरोडकरांना पत्ता विचारायची चूक माणूस एकदाच करी. वसई पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीत एखाद्या कुरियरवाल्याने "सी विंग कुठंय?" म्हटलं, की तिरोडकर आधी सूर्याकडे बघायचे, मग हात लांब करून सांगायचे, "इथून नैर्ऋत्येला चाळीस पावलं. तिथून वायव्येला वळा." कुरियरवाला मान डोलवून पुढे जायचा आणि वॉचमनला विचारायचा. त्यांची बायको मनोरमा गॅलरीतून हे बघायची आणि आत जायची.

तिरोडकरांची बत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेली होती. जमीन पाहायला ते जेमतेम पहिली चार वर्षं हिंडले. पुढे त्यांना टेबल मिळालं, पंखा मिळाला, आणि मग जमिनीशी संबंध संपला. जुन्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि खालची रेघ वर आणायची, हे काम. खाली जंगल असेल तर वरही जंगल. त्या जंगलात दरम्यान सात मजली इमारत उभी राहून तिला गळती लागली असली, तरी तो त्यांचा प्रश्न नव्हता. "जमीन काय, रोज बदलते," ते पाहुण्यांना सांगायचे. "नकाशा बदलत नाही." हे ते अभिमानाने सांगायचे.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांना डी विंगमधल्या हर्षवर्धनने गाठलं. हा चौतिशीतला गृहस्थ आयटीतली नोकरी सोडून मुलांना निसर्गाकडे नेत असे. कुठल्याशा रिसॉर्टवर दोन दिवसांचं शिबिर करून तो ओरिएंटिअरिंगचा प्रशिक्षक होऊन परतला होता. नकाशा आणि होकायंत्र घेऊन अनोळखी माळरानात सोडायचं, नकाशावर गोल करून दाखवलेल्या जागा क्रमाने शोधायच्या, प्रत्येक जागी नारिंगी-पांढरा झेंडा असतो, तिथे कार्डाला भोक पाडायचं आणि पुढच्या झेंड्याकडे धावायचं, असा हा खेळ.

"काका, आजची मुलं हरवतच नाहीत," हर्षवर्धन कळवळून म्हणाला. "त्यांना हरवायचा अनुभव द्यायचाय."

पहिली कार्यशाळा सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाली. तिरोडकरांनी दहा-बारा वर्षांच्या वीस मुलांना होकायंत्र कसं धरायचं ते शिकवलं: छातीशी, आडवं, सुई थांबेपर्यंत आपण थांबायचं. सुई काही थांबेना, कारण वीसही मुलं गाड्यांना टेकून उभी होती. नेमाप्रमाणे मोबाइल बंद होते. तरी तीन आयांनी मुलांच्या मोज्यांत ट्रॅकर घातले होते, आणि जिन्यात उभं राहून त्या आपलं मूल ट्रान्सफॉर्मरपासून पाण्याच्या टाकीपर्यंत हरवत जाताना फोनवर बघत होत्या. शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र मिळालं. ज्या मुलाला एकही झेंडा सापडला नव्हता त्याच्या प्रमाणपत्रावर 'धाडसी शोधक' असं छापलेलं होतं.

मोठी स्पर्धा चांदीपच्या बाजूच्या माळावर ठरली. जागा, जेवण आणि टी-शर्ट संग्रामदादांकडून. संग्रामदादा म्हणजे त्या पट्ट्यातले बिल्डर. त्यांचं फार्महाऊस माळाला लागूनच होतं. नकाशा मात्र नव्हता. हर्षवर्धनने फोनवरचं उपग्रहाचं चित्र छापून आणलं होतं, आणि तेही उलटं धरून तो तिरोडकरांना समजावत होता.

"हे चालणार नाही," तिरोडकर म्हणाले. "मी काढतो."

हर्षवर्धनने त्यांना खेळाच्या नियमांचं पुस्तक दिलं. तिरोडकरांनी ते डायनिंग टेबलावर बसून, ओळी पेन्सिलीने अधोरेखित करत वाचलं. मोकळी जमीन पिवळी, पळता येईल असं रान पांढरं, दाट झाडी हिरवी, पाणी निळं, माणसाने बांधलेलं सगळं काळं, खाजगी आवार शेवाळी. आणि पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की जे जमिनीवर आहे तेच काढायचं. तिरोडकरांनी चष्मा पुसला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. बत्तीस वर्षांत असलं काही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

डिसेंबरातले अकरा दिवस ते सकाळची बस पकडून चांदीपला गेले. डोक्यावर मनोरमाची जुनी कॉटनची टोपी, हातात होकायंत्र, तोंडाने पावलं मोजणं. कुत्री मागे लागली, एकदा करवंदीच्या जाळीत सदरा फाटला, एकदा बांधावरून पाय घसरून भाताच्या खुंटांवर बसायची वेळ आली. पण घरी ते इतक्या उत्साहाने जेवायला लागले की मनोरमाला शंका आली. "तिकडे कोण भेटतं का तुम्हाला?" तिने विचारलं.

"काशीराम भेटतो," तिरोडकर म्हणाले.

काशीराम हा तिथला सत्तरीतला शेतकरी. पहिले दोन दिवस तो लांबून बघत होता, कारण कागद आणि टोपी घेऊन येणारा माणूस जमीन घ्यायलाच येतो, असा त्याचा अनुभव होता. तिसऱ्या दिवशी तो बिडी पेटवून जवळ आला.

"पोरांचा खेल हाय म्हनता, मग बाभलीचं झाड कशाला लिवता?"

"पोरांना दिसायला हवं म्हणून."

"मग आमचं तलं पन लिवा."

"कुठे आहे तळं?"

काशीरामने फार्महाऊसच्या नऊ फुटी भिंतीकडे बोट केलं. भिंतीच्या फटीतून हिरवंगार लॉन दिसत होतं, त्यावर पांढऱ्या खुर्च्या आणि एक सिमेंटचा बगळा. "थं. भरनी टाकून बुजवलं. आठ वरसं झाली. आमच्या सात घरांच्या भाताला पानी थनंच यायचं." मग तो तिरोडकरांना भिंतीच्या पूर्वेला घेऊन गेला. तिथे दगडी बांधाचा दहा-बारा हातांचा तुकडा शिल्लक होता, आणि भिंतीच्या पायातून भर डिसेंबरात पाणी पाझरत होतं. काशीरामने त्यात बोट बुडवून दाखवलं. "त्याला ठाव नाय ना बुजवलंय ते," तो म्हणाला.

तिरोडकरांनी बांध पाहिला, त्याचं वळण पाहिलं. हे वळण त्यांच्या हाताला ठाऊक होतं. घेवड्याच्या दाण्यासारखा आकार, पूर्वेला थोडा चेपलेला. वीसेक वर्षांपूर्वी या भागाच्या नकाशाची नवी प्रत त्यांनीच केली होती. तेव्हा साहेब त्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते. "तिरोडकर, ही निळी आकृती फार पुसट आलीय. संशय असेल तर सोडून द्या." तिरोडकरांना संशय नव्हता, आकृती चांगली ठसठशीत होती. त्यांनी ती सोडून दिली. त्या दिवशी साहेबांनी त्यांना आपल्या केबिनमध्ये बसवून चहा पाजला, बस एवढंच. लाच घेतली असती तर निदान लक्षात तरी राहिलं असतं.

घरी आल्यावर त्यांनी नकाशा पुरा करायला घेतला. नियमाने भिंत काळी केली. आतला भाग शेवाळी करायचा म्हणून रंगाची पेन्सिलही उचलली. मग ती खाली ठेवली आणि म्हणाले, "पाणी आहे तिथे."

"कुठे?" मनोरमा भाजी निवडत होती.

"भिंतीखालून येतंय. म्हणजे आहे."

आणि भिंतीच्या आत त्यांनी घेवड्याच्या दाण्याएवढं तळं काढलं, निळंशार. बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर झेंडा क्रमांक सात दिला आणि खुणांच्या यादीत लिहिलं, 'तळ्याचा बांध, पूर्व बाजू'. दोन दिवस त्यांना नीट झोप लागली नाही. हर्षवर्धन आक्षेप घेईल, भांडण होईल, आपण काय उत्तर देऊ, याची त्यांनी मनात पुरी जुळवाजुळव केली. हर्षवर्धनने नकाशा बघितला, "काका, कलर्स काय आलेत," म्हणाला आणि दोनशे प्रती छापायला दिल्या. नकाशा वाचणं त्या दोन दिवसांच्या शिबिरात बहुधा दुसऱ्या दिवशी दुपारी होतं, आणि त्या दुपारी तो राफ्टिंगला गेला होता.

स्पर्धेच्या रविवारी लॉनवरच मांडव होता. संग्रामदादांच्या सत्काराला हर्षवर्धनने नकाशाच मोठा करून, चौकट लावून आणला होता. तिरोडकर खुर्चीत ताठ झाले. संग्रामदादांनी चौकट हातात धरली, आपलं फार्महाऊस शोधलं आणि चेहरा फुलला.

"बघा, आमचा स्विमिंग पूल पण दाखवलाय," ते माइकवर म्हणाले. "अजून बांधायचाय, तोवर यांनी दाखवला. याला म्हणतात दृष्टी." टाळ्या झाल्या. तिरोडकरांनीही वाजवल्या.

मुलं सुटली. तासाभराने ऋतिका नावाची दहा वर्षांची मुलगी सात नंबरच्या झेंड्यापाशी कार्ड टोचून, ते हलवत सरळ मांडवात आली. ती कुठेही हरवली नव्हती, त्यामुळे स्पर्धेचा उद्देश तिच्यापुरता फसलाच होता. तिने नकाशा टेबलावर पसरला.

"काका, इथे तळं आहे ना? मग ते लॉनखाली का आहे?"

"कसलं तळं बेटा, तो पूल आहे," संग्रामदादा हसले.

"नाही. इथे लिहिलंय, तळ्याचा बांध. आणि बाहेर एक आजोबा बसलेत, ते सगळ्यांना सांगतायत."

बाहेर बांधावर काशीराम बसला होता, आणि झेंड्याला येणाऱ्या प्रत्येक मुलाला, त्याच्यामागे फोन धरून पळणाऱ्या प्रत्येक आईला, सात घरांची हकिकत सांगत होता. संग्रामदादांनी चौकटीकडे पुन्हा पाहिलं, मग हर्षवर्धनकडे. हर्षवर्धनने तिरोडकरांकडे. जेवण लवकर आटोपलं. चौकट दादांनी नेली नाही.

पंधरा दिवसांनी काशीराम विचारत विचारत सोसायटीत आला. पिशवीत नकाशाची घडी होती. त्याला तळ्यासाठी अर्ज करायचा होता, आणि जोडायच्या नकाशावर तो काढणाऱ्याची सही हवी होती.

"अरे, हा खेळाचा नकाशा," तिरोडकर म्हणाले. "याला कायद्यात काही किंमत नाही."

"मग किंमत हाय तो कंचा?"

"तो कचेरीतला."

"त्यात तलं नाय."

मनोरमाने काशीरामला पोहे दिले आणि नवऱ्याला पेन. तिरोडकरांनी खूप विचार करून सही केली आणि सहीवर बारीक अक्षरात लिहिलं, 'केवळ खेळासाठी'. मनोरमाने ते वाचलं. "एवढं बारीक का लिहिलंत? पेन्शन मोठ्या अक्षरांनी बंद होते का?" ती म्हणाली. त्यांना दिवसभर जेवण गेलं नाही.

चौकशीची नोटीस फेब्रुवारीत आली. तिरोडकर इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत गेले. टेबलामागे एक तरुण कारकून जबाब लिहून घेत होता. संग्रामदादांचे वकील अगत्याने हसत होते, आणि काशीराम कोपऱ्यात उभा होता, कारण खुर्च्या वकिलांच्या फायलींनी अडवल्या होत्या.

"हे तळं तुम्ही स्वतः पाहिलंय?" कारकुनाने विचारलं.

"नाही. मी ते काढलं."

"काढलं म्हणजे? चितारलं की नाहीसं केलं?"

वकिलांनी घड्याळ पाहिलं. तिरोडकरांसमोर साहेबांच्या जागी आता हा कारकून होता. चहा मात्र मागवलेला होता.

"दोन्ही," ते म्हणाले. "आधी नाहीसं केलं. कचेरीत, माझ्या हाताने, साहेबांनी सांगितलं म्हणून. आकृती स्पष्ट होती. आता चितारलं. दोन्ही लिहा."

कारकुनाने थोडा वेळ विचार केला आणि लिहिलं, 'साक्षीदाराचं म्हणणं संदिग्ध'. तिरोडकरांनी ते वाचलं, त्याच्या हातून कागद घेतला, ते शब्द खोडले आणि आपलं म्हणणं आपल्या हाताने, चांगलं मोठ्या अक्षरात लिहून खाली सही केली. त्यांचं अक्षर सुंदर होतं. तेवढं कचेरीने शिकवलं होतं.

प्रकरण अजून चालू आहे. लॉन तिथेच आहे, खुर्च्या जरा रुततात म्हणे. पुढच्या कार्यशाळेच्या पत्रकातून तिरोडकरांचं नाव गेलं. नकाशा आता परदेशी सॉफ्टवेअर काढतं, आणि मुलं त्यात झकास हरवतात. तिरोडकर महिन्यातून एकदा चांदीपला जातात. काशीराम त्यांना गावातल्या विहिरी, ओहोळ, पायवाटा, जे जे कागदावर राहिलेलं नाही ते दाखवत पुढे चालतो, आणि तिरोडकर पावलं मोजत मागून जातात. वाट चुकले तर काशीरामला विचारतात.