आईच्या सहीचं बिनमुठीचं स्वयंपाकघर

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, कडेगावातल्या आमच्या घरात, ती भाकरी थापत असताना. अन्याय करणाऱ्याचं नाव जाहीर करायला मी कधी कचरलेलो नाही, तेव्हा करतो: मी.

त्या दिवसांत आम्ही एसटी स्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहासाठी लढत होतो. बांधणाऱ्या शहाण्यांनी त्याच्या दाराला आतून कडीच ठेवली नव्हती! माझं पत्रक गाजलं: ‘वापरणारीला विचारा! बाईच्या वापराची जागा बाईला न विचारता बांधणाऱ्यांचा जाहीर निषेध!!’ (उद्गारचिन्हं मी पाच दिली होती. दोन छापखानेवाल्यानं परस्पर काढली.)

त्याच सुमारास घरात नवं स्वयंपाकघर करायचं ठरलं आणि मला मोबाइलवर कपाटांची शेकर पद्धतीची दारं दिसली. कडेनं सपाट चौकट, मधला भाग किंचित आत, बस्स! मूठ नाही, काही नाही. बोटानं दाबलं की दार आपोआप उघडतं. मी भाळलो.

तासगावचे रशीदचाचा आमचे सुतार. नकाशा बघून म्हणाले, “मुठी कुटं हायत?”

“न्हाईतच, चाचा. तीच तर डिझाइन हाय.”

“तुज्या आईला, वैनींना, दावलंस?”

“दावतो की.”

“दावतो न्हाई. रांधणाऱ्या बाईची सही असल्याबिगर मी प्लायला करवत लावत न्हाई, गड्या. लय घरात भांडणं बघितल्यात.”

म्हणजे माझंच पत्रक, चाचांच्या तोंडून! आनंद व्हायला हवा होता. वैताग आला.

आता, आमच्या प्रत्येक निवेदनावर पहिली सही आईची असते. ती वाचत नाही. “तू लिवलंयस न्हवं? मग बरूबरच असंल,” म्हणते आणि करते. त्या सोमवारी मी स्टँडचं निवेदन पुढं धरलं. तिनं पिठाचे हात पदराला पुसले, सही केली. मी पान उलटलं. खाली नकाशा होता.

“ह्ये काय रं?”

“त्याचंच हाय. हितं, कोपऱ्यात कर.”

तिनं केली. (मला तिला फसवायचं नव्हतं, फक्त विचारत बसायचं नव्हतं. सरकारी खात्यांचंही तेवढंच म्हणणं असतं.)

संक्रांतीच्या आधी स्वयंपाकघर तयार झालं. अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतले निवृत्त हवालदार. “एकदम बॅरेकसारखं!” म्हणाले, आणि चहापत्ती शोधायला निघाले. दार कुठलं आणि नुसती फळी कुठली ते कळेना, म्हणून त्यांनी भिंतीसकट सगळं दाबून बघितलं!

आईची सवय ओट्याला पोट टेकवून पीठ मळायची. पोट टेकलं की खालचं दार टक् करून तिच्या मांडीवर. तिनं ते गुडघ्यानं लोटलं की शेजारचं उघडायचं.

“आई, जरा अलगद उभी ऱ्हा की.”

“अलगद? भाकरीचं पीठ अलगद मळत्यात व्हय रं?”

पूर्वी कपाटाच्या मुठींना अडकवलेले असायचे ते सांडशी आणि फडका तिनं आता कमरेला खोचले. अण्णा म्हणाले, “फौजेत कोण हुतं म्हणायचं आता?”

मग हळदीकुंकू! पंधरा बायका नवं स्वयंपाकघर बघायला एकदम आत घुसल्या. कुणाची तरी पाठ टेकली, टक्! शेजारच्या सुशीलाकाकू दचकून मागं सरल्या, टक्! दोघीजणी त्यांना सावरायला धावल्या, टक् टक्! कणकेचा डबा आडवा, तिळगूळ जमिनीवर, आणि घरातली झाडून सगळी दारं सताड उघडी.

“आगं बया!” काकू ओरडल्या. “बाईला इचारल्याबिगर केलंय व्हय ह्ये?” (माझं पत्रक वाचलेल्या बाई. दुसरं काय बोलणार?)

“इचारलं की,” आई शांतपणे म्हणाली. “सही हाय माजी.”

उघड्या दाराच्या आतल्या बाजूला चाचांनी मापांसाठी चिकटवलेला नकाशा तसाच होता. कोपऱ्यात आईची सही, आणि सहीशेजारी पिठाचं बोट. बायका खो खो हसल्या. मी कणीक भरायच्या निमित्तानं खाली बसलो तो त्या जाईपर्यंत उठलोच नाही.

नंतर ती एवढंच म्हणाली, “मी न वाचता सही करत हुते, कारन कागूद तू आनत हुतास.”

यावर पत्रक निघत नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. “वैनी, मुठी कुटं पायजेत?” आईनं एकेका दारावर हात ठेवून दाखवल्या. तिला अर्धा दिवस लागला. तेवढाच लागला असता त्या सोमवारीही.

स्टँडवरच्या दाराला कडी बसली. आमच्या दारांना मुठी बसल्या. पण आईची पहिली सही गेली ती गेलीच. आता ती चष्मा लावते, वाचते, पान उलटते, पाठकोरी बाजू उजेडात धरते. सध्याचं निवेदन चार दिवस तिच्याकडंच आहे, आणि त्यात तिनं लाल पेनानं माझी तीन उद्गारचिन्हं खोडलीत.

पहिल्या सहीची जागा मोकळी आहे, म्हणून मी येत्या रविवारी तुमच्या दारात येईन. सही अवश्य करा. पण माझ्या तोंडाकडं बघून करू नका. आधी खालचं पान उचलून बघा!